बॅटरीच्या सेलसाठी आज जे अडतंय, तेच 1940 साली वालचंद हिराचंद यांच्या गाडीचं अडलं होतं

शहापूर तालुक्यात तानसा धरणाकडं कधी गेला असाल, तर तिथून निघणाऱ्या जाडजूड लोखंडी पाइपलाइन तुम्ही नक्की पाहिल्या असतील. रानातून, शेतांच्या कडेनं, भिवंडी आणि ठाणे मागं टाकत त्या मुंबईत शिरतात. तानसाचं धरण 1892 चं. पुढं मुंबई वाढली, तिची तहान वाढली आणि जादा पाणी आणायला नव्या पाइपलाइन टाकायची वेळ आली. 1920 च्या दशकात हे काम टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीनं केलं. या कंपनीचा कारभार तेव्हा सोलापूरचा एक माणूस बघत होता.

वालचंद हिराचंद दोशी.

नाव कुठंतरी ऐकलंय असं वाटत असेल तर ते बरोबरच आहे. सांगलीचं वालचंद कॉलेज, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, मालेगावजवळच्या रावळगावच्या गोळ्या, मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी, बंगळूरची एचएएल, विशाखापट्टणमची जहाजं बांधणारी गोदी. या सगळ्यांची सुरुवात शोधत गेलं की हाच माणूस सापडतो. पण आज त्यांची आठवण काढायचं कारण वेगळं आहे, आणि ते आहे इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी.

शहापूर, मुरबाडच्या रस्त्यांवर आता इलेक्ट्रिक स्कूटर दिसतात. गाडी भारतात बनलेली असते, कंपनीही बऱ्याचदा महाराष्ट्रातलीच असते. पण गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा ज्या बॅटरीचा असतो, तिच्या आतले सेल बहुतेक वेळा बाहेरून, त्यातही चीनमधून आलेले असतात. आपल्याकडं ते सेल जोडून पॅक बनवतात. गाडी आपली, जोडणी आपली, पण जीव बाहेरून आलेला.

हे दुखणं नवीन वाटतं. ते तसं नाही. 80 वर्षांपूर्वी बॅटरीच्या जागी इंजिन होतं आणि चीनच्या जागी अमेरिका आणि इंग्लंड होते, एवढाच काय तो फरक.

तर वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं दिगंबर जैन, मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरकडचं. वडील हिराचंद नेमचंद सावकारी आणि कापसाचा व्यापार करायचे. मुलाला शिकवायची ऐपत होती, म्हणून वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजपर्यंत पोचले, पण शिक्षण अर्धवट सोडून घरच्या धंद्यात यावं लागलं. तिथं त्यांचं मन काही रमलं नाही. पेढीवर बसून व्याज मोजणं त्यांना जमणारं नव्हतं.

मग त्यांना भेटले लक्ष्मणराव बळवंत फाटक. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, त्यामुळं रेल्वेची कामं कशी निघतात, कशी मिळतात याची त्यांना माहिती होती. वालचंद यांच्याकडं भांडवल होतं. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या लाइनचं काम घेतलं. नॅरोगेज लाइन, काही मैलांचा टप्पा. पण धंद्याची शाळा म्हणून हे काम फार मोठं ठरलं.

कारण कंत्राटदार म्हणजे काय? खडी कुठून येणार, रूळ कधी पोचणार, माणसं किती लागणार, पाऊस कधी सुरू होणार, बिल कधी निघणार, हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवणारा माणूस. यातली एक वस्तू आली नाही की बाकी सगळं असून नसल्यासारखं. आज याला सप्लाय चेन म्हणतात आणि मॅनेजमेंट कॉलेजात त्यावर कोर्स असतात. वालचंद ती येडशीच्या माळावर शिकले.

पुढं फाटक-वालचंद कंपनी टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये विलीन झाली. 1926 मध्ये वालचंद यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे आजची एचसीसी, सुरू केली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसाची पाइपलाइन, ब्रह्मदेशात इरावती नदीवरचा पूल ही सगळी त्यांच्या कंपन्यांची कामं. माणूस पैशानं आणि नावानं मोठा झाला होता. इथंच थांबले असते तरी चाललं असतं.

पण त्याआधीच, 1919 मध्ये, त्यांनी समुद्रात उडी घेतली होती.

ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडं एक जहाज होतं. मूळचं कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं, पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरनं ते हॉस्पिटल शिप म्हणून घेतलं आणि नाव ठेवलं लॉयल्टी. युद्ध संपल्यावर ते विक्रीला निघालं. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीनं सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आपण 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याचमुळं.

फोटो छान होता, धंदा मात्र अवघड होता. भारताच्या किनाऱ्यावरची वाहतूक ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन या कंपनीच्या मुठीत होती. सिंदियानं जहाजं घेतली की या कंपनीनं भाडं पाडायचं. व्यापाऱ्यानं माल स्वस्तात जाणाऱ्या जहाजात टाकायचा, हे तर साधं गणित. मोठ्या कंपनीला तोटा पचवायला बाकी जगातला धंदा होता, सिंदियाला नव्हता. शेवटी 1923 मध्ये सिंदियाला 10 वर्षांचा करार मान्य करावा लागला. त्यात कंपनीनं किनारी वाहतुकीपुरतंच राहायचं आणि जहाजांचं टनेज एका मर्यादेबाहेर वाढवायचं नाही अशा अटी होत्या. वालचंद यांना हा करार किती झोंबला असेल, हे त्यांच्या पुढच्या 20 वर्षांच्या धडपडीवरून कळतं.

आजच्या बॅटरीच्या बाजारात हे भाडं पाडायचं तंत्र ओळखू येतं. जगात बनणाऱ्या लिथियम-आयन सेलपैकी सुमारे तीन चतुर्थांश चीनमध्ये बनतात. इतक्या प्रमाणावर बनवल्यानं किंमत इतकी खाली येते, की नवीन कारखाना सुरू करणाऱ्याला त्या भावात सेल विकणं परवडत नाही. म्हणजे कारखाना उभारायला कुणी बंदी घालत नाही, तरीही तो उभा राहत नाही.

1930 च्या दशकात वालचंद यांनी साखरेतही हात घातला. नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणि पुणे जिल्ह्यात कळंबजवळ खडकाळ जमीन घेऊन ऊस लावला, कारखाने काढले. कळंबजवळच्या वसाहतीचं नाव पुढं वालचंदनगर पडलं. रावळगावला 1940 च्या दशकात गोळ्या-चॉकलेटही बनायला लागली, त्यातली पान पसंद आणि मँगो मूड 1990 च्या पोरांना आजही आठवतात. हा ब्रँड 2024 मध्ये रिलायन्सनं 27 कोटींना घेतला. वालचंदनगरच्या वर्कशॉपमध्ये पुढं साखर कारखान्यांची यंत्रं बनायला लागली आणि वालचंद यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी तिथूनच इस्रोच्या रॉकेटचे भागही गेले. उसाच्या मळ्यातून रॉकेट, हे ऐकायला भारी वाटतं, पण त्यामागं दोन-तीन पिढ्यांचं यंत्रकाम आहे. तेवढा वेळ कुणी दिला म्हणून ते झालं.

आता मुख्य गोष्ट. गाडी.

भारतात तेव्हा गाड्या बनत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत जोडणीचा कारखाना काढला होता, फोर्डही 1930 च्या सुमारास मद्रास, मुंबई, कलकत्त्यात आली. परदेशातून सुटे भाग खोक्यात भरून यायचे, इथले कामगार ते जोडायचे, गाडी बाहेर पडायची. बॅटरीचे सेल आणून पॅक जोडायचा, तसंच हे. जोडणीतून रोजगार मिळत होता, पण इंजिन बनवायचं कसं हे कुणाला शिकायला मिळत नव्हतं.

म्हैसूरचे सर विश्वेश्वरय्या 1930 च्या दशकाच्या मध्यापासून सांगत होते की भारतात पूर्ण गाडी बनवायचा कारखाना हवा. वालचंद यांनी ते मनावर घेतलं आणि 1939 मध्ये थेट अमेरिका गाठली. आधी फोर्डकडं गेले. तिथं कळलं की भारताचा बाजार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीच्या वाट्याला आहे. बोलणी पुढं गेली नाहीत. मग क्रायस्लर. तिथं जमलं आणि 1940 मध्ये करार झाला.

म्हणजे तंत्रज्ञान मिळालं. भांडवल होतं. जागा मिळत होती. पोलाद जमशेदपूरला बनत होतं. उरलं काय? यंत्रं. गाडीचे भाग कापणारी, घडवणारी, तासणारी यंत्रं अमेरिकेतूनच येणार होती. त्यासाठी डॉलर हवे होते आणि डॉलर सरकारच्या ताब्यात होते. ती आणायला जहाजात जागा हवी होती आणि युद्धामुळं तीही सरकारच्या ताब्यात होती. वालचंद यांचं म्हणणं होतं की युद्धाला ट्रक लागतातच, तर हा उद्योग युद्धोपयोगी धरा आणि परवानगी द्या. सरकारनं नकार दिला. युद्धासाठी लागणारे ट्रक कॅनडा आणि अमेरिकेतून सुट्या भागात आले आणि फोर्ड, जनरल मोटर्सच्या इथल्याच कारखान्यांत जोडले गेले. भारतीय माणसाला ते बनवू दिले गेले नाहीत.

नियत वाईट होती की युद्धाची घाई खरी होती, यावर वाद घालता येईल. थोडं दोन्ही असावं. पण ज्याच्या हातात परवानगीचा कागद, तोच ठरवतो की कुणाचा कारखाना कधी सुरू होणार, हे मात्र स्पष्ट झालं.

इथं पुन्हा शहापूरला यायला हवं. कारण वालचंद यांनी टाकलेल्या त्या पाइपलाइनमधूनच ही गोष्ट नीट कळते.

तानसा, मोडकसागर, भातसा ही सगळी शहापूर तालुक्यातली धरणं. पाणी जातं मुंबईला. आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन बारवी धरणात गेली, पाणी गेलं कारखान्यांना आणि शहरांना. म्हणजे धरण तुमच्या गावात असून भागत नाही. व्हॉल्व्ह कुणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं.

बॅटरीचंही अगदी असंच आहे. एका सेलमध्ये बघायला गेलं तर कॅथोडमध्ये लिथियम असतं, सोबत प्रकारानुसार निकेल, मँगनीज, कोबाल्ट किंवा लोह आणि फॉस्फेट. ॲनोडमध्ये ग्रॅफाइट. मध्ये सेपरेटर नावाचा पातळ पडदा, आजूबाजूला इलेक्ट्रोलाइट, शिवाय तांब्याची आणि ॲल्युमिनियमची फॉइल. जगातलं सुमारे 70 टक्के कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमधून निघतं. लिथियम सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलियातून, त्याखालोखाल चिलीसारख्या देशांतून. पण खाणीतून निघालेली माती थेट सेलमध्ये भरता येत नाही. ती शुद्ध करून बॅटरीच्या दर्जाचं रसायन बनवावं लागतं, आणि हे मधलं काम बहुतांश चीनमध्ये होतं. ग्रॅफाइटच्या बाबतीत तर जवळपास सगळंच. काँगोतल्या खाणमजुराची अवस्था आणि शहापूरच्या पाड्यावरच्या बाईची अवस्था यात फार फरक नाही, माल दोघांच्याही दारातून निघतो.

हा व्हॉल्व्ह बंद करता येतो, हे चीननं दाखवूनही दिलंय. डिसेंबर 2023 पासून ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना लागायला लागला. 2025 मध्ये रेअर अर्थ मॅग्नेटची निर्यात आवळली गेली. मॅग्नेट बॅटरीत नाही, मोटरमध्ये लागतो. पण तेवढ्या एका वस्तूवरून पुण्याच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन घटवावं लागलं. 1940 चे डॉलर आणि जहाजातली जागा, 2025 चा परवाना. कागद बदलला.

यावर कुणी म्हणेल की मग आपली खाण शोधा. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासीत 59 लाख टन लिथियमच्या साठ्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा व्हॉट्सॲपवर भारत लिथियमचा राजा झाल्याचे मेसेज फिरले होते. नंतर त्या ब्लॉकच्या लिलावाला पुरेसा प्रतिसादच आला नाही. दगडातलं लिथियम काढायचं आणि शुद्ध करायचं तंत्र, पैसा, पाणी हे सगळं लागतं. अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात 5 ब्लॉक मिळवायचा करार भारताच्या काबिल या सरकारी कंपनीनं जानेवारी 2024 मध्ये केला, तोही लगेच सेल देणारा नाही.

परत वालचंद यांच्याकडं. गाडी आणायला अमेरिकेत गेलेला हा माणूस परत येताना विमान घेऊन आला.

झालं असं की 1939 मध्येच अमेरिकेहून पॅसिफिकवरून परतताना विमानात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी झाली. पॉली चीनमध्ये विमानाचा कारखाना चालवत होते. गप्पा झाल्या, आणि विमान उतरेपर्यंत वालचंद यांच्या डोक्यात भारतातला विमान कारखाना तयार होता. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जागा दिली, संस्थानानं भांडवल घातलं. संस्थानात वीज होती, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना होता. 23 डिसेंबर 1940 ला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली आणि 1941 मध्ये हार्लो नावाचं ट्रेनर विमान तिथं जोडून उडालंसुद्धा.

इथं प्रश्न पडतो. गाडीच्या यंत्रांसाठी नसलेले डॉलर आणि जहाजं विमानासाठी कशी मिळाली? कारण विमान सरकारला त्या घडीला हवं होतं. जपान जवळ येत होता. गरज सरकारची असली की साखळीतली प्रत्येक कडी आपोआप जुळते. आणि गरज फारच वाढली तेव्हा सरकारनं कारखानाच घेतला. एप्रिल 1942 मध्ये वालचंद यांच्या कंपनीचा हिस्सा सरकारनं विकत घेतला. पैसे मिळाले, कारखाना गेला.

गोदीचंही तसंच काहीसं. सिंदियाला स्वतःची जहाजं स्वतः बांधायची होती, कारण परदेशी गोदीत ऑर्डर देऊन वाट बघण्यात वर्षं जायची. कलकत्त्यात जागा मागितली, मिळाली नाही. शेवटी विशाखापट्टणम. 21 जून 1941 ला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. वर्ष व्हायच्या आत, एप्रिल 1942 मध्ये, जपानी विमानांनी त्या बंदरावर बॉम्ब टाकले आणि काम थंडावलं. पहिलं जहाज पाण्यात उतरायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. 14 मार्च 1948 ला जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते जलउषा हे जहाज समुद्रात सोडण्यात आलं.

पण हे जहाज इंग्लंडमध्ये बांधलेल्या जहाजापेक्षा महाग पडत होतं. नवीन गोदी, नवखे कामगार, इंजिनासारख्या मुख्य वस्तू बाहेरूनच आणायच्या. मग स्वतंत्र भारताच्या सरकारनं जहाजं विकत घ्यायची आणि इंग्लंडच्या भावापेक्षा जो जादा खर्च येतो तो सोसायचा, असा मार्ग काढावा लागला. 1952 मध्ये गोदीचा मोठा हिस्सा सरकारकडं गेला आणि तिचं नाव झालं हिंदुस्तान शिपयार्ड.

वालचंद यांच्यावर टीका करणारे तेव्हाही होते. स्वदेशीचं नाव आणि स्वतःचा फायदा, सरकारशी भांडायचं आणि सरकारकडंच हमी मागायची, असं लोक म्हणायचे. त्यात तथ्य होतं. त्यांचा जवळपास प्रत्येक मोठा प्रकल्प सरकारी ऑर्डर, सरकारी संरक्षण किंवा संस्थानाच्या पैशावर टेकलेला होता. पण जगात कुठं बोट, विमान, गाडी किंवा बॅटरी सरकारचा हात न लागता मोठी झाली आहे हेही बघायला हवं. चीनच्या बॅटरी कंपन्या आज जिथं आहेत, तिथं त्या वर्षानुवर्षांच्या सरकारी पाठबळावर पोचल्या. वालचंद यांची चूक असलीच तर ती घाईची. एका वेळी पाच आघाड्या उघडायच्या आणि पाचही ठिकाणी सरकारच्या दारात उभं राहायचं, यात कुठल्याच आघाडीवर पूर्ण ताकद लागत नाही.

गाडी मात्र त्यांनी सोडली नाही. 1944 मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्यात कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये क्रायस्लरच्या परवान्यावर गाड्या आणि ट्रक बाहेर पडायला लागले. दरम्यान ब्रजमोहन बिर्लांनी 1942 मध्ये हिंदुस्तान मोटर्स काढली होती, पुढं अॅम्बॅसेडर बनवणारी तीच. दोघांपैकी आधी कोण, यावर दोन्हीकडचे चाहते आजही भांडतात. सुरुवातीला दोघांकडंही मुख्यतः बाहेरच्या भागांची जोडणीच होती, त्यामुळं या भांडणाला फारसा अर्थ नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यात खरी लढाई वेगळीच चालली होती. गाडीला हजारो भाग लागतात. ओतकाम करणारा, स्प्रिंग बनवणारा, रबर, काच, वायरिंग, पिस्टन बनवणारा, असे छोटे कारखाने आजूबाजूला असले तर गाडी बनते. 1947 मध्ये भारतात ते जवळजवळ नव्हतेच. कारखानदार म्हणायचा गाड्या पुरेशा विकल्या गेल्या तर भाग बनवायला घेतो. गाडीवाला म्हणायचा भाग स्वस्तात मिळाले तर गाड्या विकल्या जातील. कोंबडी आधी की अंडं.

सेलच्या कारखान्यांचं आज नेमकं इथंच अडलंय. कॅथोड, ॲनोड, सेपरेटर, फॉइल हे देशात बनवणारे मोजके, कारण घेणारे सेल कारखाने मोजके. आणि सेल कारखाने मोजके, कारण सगळा कच्चा माल आयात करून चिनी सेलशी स्पर्धा करायची. सरकारनं 2021 मध्ये यासाठी 18,100 कोटींची प्रोत्साहन योजना आणली. 50 गिगावॅट अवर क्षमतेचे कारखाने उभे करायचं उद्दिष्ट होतं. जलउषाच्या जादा खर्चासारखीच ही कल्पना, महाग पडतंय तेवढा भार सरकारनं काही काळ उचलायचा. पण ठरलेल्या वेळेत त्यातला फारच थोडा भाग उभा राहिला. सेल बनवायची यंत्रं चीनमधून आणायची, ती बसवायला तिथलेच तंत्रज्ञ लागतात आणि त्यांचे व्हिसा अडकतात, ही अडचण कंपन्यांनी वारंवार मांडली. वालचंद यांना अमेरिकेची यंत्रं हवी होती, इथं चीनची.

मुरबाडला एमआयडीसी आहे, शहापूरमधून मुंबई-नाशिक हायवे जातो आणि इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही जून 2025 मध्ये याच भागातून सुरू झाला. उरणचं जेएनपीए बंदर फार लांब नाही. उद्या बॅटरीला लागणारे छोटे भाग बनवायचे म्हटले तर रस्ता, जागा, माणसं इथं आहेत. पाणीही आहे, फक्त ते आधी मुंबईला जातं.

वालचंद यांना 1949 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि 1950 मध्ये ते कामातून बाजूला झाले. प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी हात मिळवला होता, कारण छोटी गाडी भारतात खपेल हे तोवर कळून चुकलं होतं. फियाट 500 रस्त्यावर आली. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला वालचंद यांचं निधन झालं. त्या वेळी पत्नी कस्तुरबाई जवळ होत्या.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशननं शिफारस केली की ज्या कंपन्यांकडं भारतात भाग बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनाच इथं राहू द्यावं, नुसती जोडणी बंद. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. 1939 पासून वालचंद जे मागत होते ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी सरकारी कागदावर आलं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण पुढची 30 वर्षं ग्राहकाला दोन-तीन गाड्यांतूनच निवड करावी लागली आणि बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबावं लागलं.

1954 मध्ये फियाट 1100 आली. एकेक भाग इथं बनायला लागला, मुंबई-पुणे पट्ट्यात सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. फियाटचा करार संपला आणि 1974 मध्ये गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, तोवर ती जवळपास पूर्ण भारतीय झाली होती. खोक्यातून आलेल्या भागांपासून तिथपर्यंत यायला 27 वर्षं लागली. 2021 च्या बॅटरी योजनेत कंपन्यांना 60 टक्के देशी मूल्यवर्धन गाठायला 5 वर्षं दिली आहेत.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 2003 मध्ये नोंदली गेली होती. 20 वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तोवर मुंबईत इलेक्ट्रिक टॅक्सी आणि बेस्टच्या इलेक्ट्रिक बस धावायला लागल्या होत्या.